‘आम्ही सध्या घरी नाही’ : गोव्यात नव्याने राहायला आलेल्यांनी फोटो टाकण्याआधी करायची कामं

गोव्यात नोकरीनिमित्त आलेला माणूस पहिल्या दोन-तीन महिन्यांत जेवढे फोटो टाकतो, तेवढे नंतर कधीच टाकत नाही. गळ्यात वेर्ण्याच्या कंपनीचं ओळखपत्र, गॅलरीतून दिसणारी मांडवी, पहिल्या पगारातून घेतलेली स्कूटर, मिरामारला सूर्यास्त. त्यात वावगं काही नाही. सावंतवाडीला, कोल्हापूरला, बेळगावला घरची माणसं ते बघायला टपलेली असतात. मात्र त्यांच्याखेरीज आणखीही कोणी कोणी बघत असतं.

फोटो टाकूच नका, असं मी सांगणार नाही. ते कोणी ऐकत नाही, आणि ऐकावं असंही मला वाटत नाही. काय टाकल्यावर कोणाच्या हाती काय लागतं आणि ते थांबवायला काय करायचं, एवढंच क्रमाने सांगतो. पहिली दोन कामं नीट केलीत, तरी निम्मी काळजी मिटेल.

१. आधी स्वतःचाच माग काढा

तुमच्या फ्रेंडलिस्टमध्ये नसलेल्या एखाद्या विश्वासू माणसाचा फोन मागून घ्या. त्यावर तुमचं नाव शोधा, मग मोबाईल नंबर शोधा. फेसबुक, इन्स्टाग्राम, लिंक्डइन, जुनं यूट्यूब खातं, कुठल्या तरी ‘रूम हवी आहे’ ग्रुपवर टाकलेला मजकूर, सगळं बघा. शेजारी कागद ठेवा आणि त्यावर लिहा: घर कुठे, घरात कोण, कामाच्या वेळा, गाडीचा नंबर, जन्मतारीख, आईचं नाव, मोबाईल नंबर. अनोळखी माणसाला यातलं जे जे सापडेल, त्यावर खूण करा. बऱ्याच जणांचा कागद अर्ध्या तासात भरतो.

हे का करायचं, ते उदाहरणाने सांगतो. समजा, पर्वरीत भाड्याने राहणारी, पणजीत कामाला जाणारी एक मुलगी आहे. तिने महिनाभरात चार गोष्टी टाकल्या. गॅलरीतला चहाचा कप, मागे मांडवीवरचा अटल सेतू. ‘रूममेट गावी गेली, आठवडाभर घरावर माझंच राज्य.’ रोज संध्याकाळी सातला जिमचं चेक-इन. आणि नव्या स्कूटरला हार घातलेला फोटो, नंबरप्लेट स्पष्ट. चारही गोष्टी साध्या आहेत, लपवण्यासारखं एकातही काही नाही. पण गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला एकेक फळ बांधावं तसं कोणी त्या एकत्र बांधल्या, तर इमारत कोणती, मुलगी एकटी कधी, घर रिकामं कधी आणि रस्त्यात तिला ओळखायचं कसं, हे सगळं समोर लटकतं.

यात गोवा लहान असण्याचीही भर आहे. मुंबईत एका गल्लीचा फोटो बघून पत्ता काढणं कठीण. इथे मागे दिसणारा क्रॉस, देवळाचा दीपस्तंभ, पंचायतीची निळी-पांढरी पाटी किंवा ठरावीक वळणावरच्या खाण्याच्या गाड्याचं छप्पर दिसलं की स्थानिक माणूस वाड्याचं, म्हणजे वस्तीचं, नाव सांगतो. २०१९ साली टोकियोत एका माणसाने तरुण गायिकेच्या सेल्फीत तिच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमध्ये उमटलेलं प्रतिबिंब मोठं करून पाहिलं. त्यावरून तिचं रेल्वे स्टेशन ओळखलं, तिचा पाठलाग केला आणि हल्ला केला. एवढी मेहनत घेणारे थोडेच असतात, पण आपण टाकतो त्या फोटोंना तेवढी मेहनत लागतही नाही.

फोटो टाकण्याआधी स्वतःकडे नाही, मागे बघा. सोसायटीची पाटी, फ्लॅटचा नंबर, पार्सलवरचं लेबल, भिंतीवर टांगलेल्या किल्ल्या, हॉटेलच्या खोलीचा क्रमांक. नको असेल ते कापून टाका. स्टिकर किंवा काळी पट्टी लावणं चालतं. हलकं धूसर करून मात्र विसंबू नका, कारण आकडे बऱ्याचदा तरीही वाचता येतात.

२. घरी परतल्यावर टाका

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल, तर ही ठेवा: फोटो उशिरा टाका.

चतुर्थी जवळ आली की पणजी, मडगाव, वास्को, फोंड्यातली घरंच्या घरं कुलूप लावून मूळ गावी जातात. दीड दिवस, पाच दिवस, सात दिवस. कोण किती दिवसांचा गणपती बसवतो, हे ओळखीपाळखीत सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात ‘निघालो गावाला, आता थेट विसर्जनानंतर’ अशी स्टोरी पडली, की घर रिकामं असण्याची तारीख आणि मुदत दोन्ही जाहीर. मे महिन्यातली सुट्टी, कुलदेवतेची जत्रा, आषाढीची वारी, तिकडच्या घरचं लग्न यांचंही तसंच. दारात पडलेली वर्तमानपत्रं आणि पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, अडकवून ठेवलेला न उचललेला पाव पूर्वीही घर बंद असल्याचं सांगायचा. फरक इतकाच की ते कळायला दारावरून जावं लागायचं.

म्हणून माटोळीचा, आरतीचा, नेवऱ्यांच्या ताटाचा फोटो खुशाल काढा आणि शहरातलं कुलूप उघडल्यावर टाका. समुद्रकिनाऱ्यावर शॅकमध्ये बसला असाल, तर तिथून उठल्यावर टाका. एकट्या फिरणाऱ्या मुलींना तर मी आग्रहाने सांगेन, की हणजुणे, वागातोरला बसल्या जागेवरून लोकेशनचा टॅग लावू नका. जवळच्या एक-दोघांना थेट लोकेशन जरूर पाठवा. ती सुरक्षिततेची गोष्ट आहे, आणि ते पाठवायला व्हॉट्सॲप पुरतं.

विमानतळावरच्या बोर्डिंग पासचा फोटो मोपाहून काढा नाही तर दाबोळीहून, त्यावर पीएनआर असतो आणि नावही असतं. बहुतेक विमान कंपन्यांच्या संकेतस्थळावर पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर बुकिंग उघडतं. परतीची तारीख त्यातच असते, बारकोडही झाकायला हवा.

हे थोरामोठ्यांच्या बाबतीतही घडलेलं आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये पॅरिसमध्ये किम कार्दशियन या अमेरिकी सेलिब्रिटीला बंदुकीच्या धाकावर लुटलं गेलं. दागिने काय आहेत, याची माहिती आपल्याला इंटरनेटवरूनच मिळाली, असं दरोडेखोरांपैकी एकाने नंतर मुलाखतीत सांगितलं. मे २०२५ मध्ये त्या खटल्यात आठ जण दोषी ठरले. आपल्याकडे एवढे हिरे नसतात हे खरं, पण लग्नातल्या पाटल्या-तोड्यांचे जवळून काढलेले फोटो आणि त्याच प्रोफाइलवर घराचा पत्ता हे गोव्यात काही दुर्मीळ नाही.

जहाजावर काम करणाऱ्यांच्या घरच्यांसाठी वेगळं सांगतो. नवरा किंवा मुलगा जहाजावर रुजू झाला की निरोपाचा फोटो हमखास पडतो, खाली ‘नऊ महिन्यांचा विरह’. म्हातारे आई-वडील आणि सून घरात एकटी आहेत, याची ती जाहिरात असते. फोटो तो परत येईल तेव्हा टाकावा.

मृत्यूच्या जाहिरातीचं मात्र मला कोडं आहे. गोव्यातल्या वर्तमानपत्रांत फोटो, घराचा पत्ता, अंत्यसंस्काराची वेळ असं सगळं छापायची रीत आहे आणि आता तेच कात्रण व्हॉट्सॲपवर फिरतं. लोकांना कळवायला तर हवंच. मग त्या दोन तासांसाठी शेजारच्या कोणाला तरी घरात बसवून जा. लग्नपत्रिकेचंही तेच करा.

३. कागदपत्रं : दिसतात साधी, उघडतात बरंच काही

वाढदिवसाची तारीख वर्षासकट जाहीर करणं फार निरुपद्रवी वाटतं. पण ई-आधारची पीडीएफ उघडायचा पासवर्ड काय असतो, आठवा: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. ई-पॅनची फाईल जन्मतारखेने उघडते. अनेक बँकांची स्टेटमेंटंही नाव आणि जन्मतारीख यांच्या जोडीवर चालतात. तुमचा ईमेल किंवा हरवलेला फोन कोणाच्या हाती लागला, तर पुढची कुलपं फेसबुकवरच्या शुभेच्छांनी उघडतील. दिवस-महिना राहू द्या, वर्ष काढून टाका. ‘आईचं माहेरचं नाव’, ‘पहिली शाळा’, ‘पाळीव कुत्र्याचं नाव’ विचारणारे गमतीचे खेळ फेसबुकवर येत असतात. तेच प्रश्न खात्याच्या सुरक्षेसाठीही विचारले जातात, तेव्हा त्या खेळांना हातच लावू नका.

भाड्याने घर घेताना गोव्यात भाडेकरूची पोलिस पडताळणी करावी लागते आणि मालक आधारची प्रत मागतो. ते रास्तच आहे. ती प्रत घर पाहिल्यावर, मालकाला भेटल्यावर द्यायची. फेसबुक ग्रुपवर काल ओळख झालेल्या दलालाने ‘आधी आधार आणि टोकन पाठवा, मग लोकेशन देतो’ म्हटलं, तर तिथेच थांबा. प्रतीवर आडवं लिहा: ‘फक्त अमुक घराच्या पोलिस पडताळणीसाठी’, तारीख, सही. जिथे पूर्ण क्रमांकाची गरज नसेल, तिथे मास्क केलेलं आधार द्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवता येतं. तिथेच बोटांचे ठसे लॉक करण्याची सोय आहे, तीही करून टाका.

नव्या नोकरीचं पत्र, पगाराची स्लिप, ओळखपत्राचा जवळून घेतलेला फोटो, नव्या डेबिट कार्डाचं कौतुक यांतलं काहीही टाकायचं नाही.

४. ‘फ्रिज आणि पलंग हवा आहे’

नवीन माणसाला सामान लागतं, आणि तो ग्रुपवर तसं लिहितो. नाव, नंबर, ‘पुढच्या शनिवारी शिफ्ट होतोय’, ‘म्हापसा परिसर’. दुसऱ्या दिवशी एखाद्या जुन्या मित्राच्या नावाने मेसेज येतो: माझ्या ओळखीचे सीआरपीएफमधले अधिकारी आहेत, बदली झाली, फर्निचर स्वस्तात देतायत. मित्राचं खातं नकली असतं, त्याचाच फोटो उचलून बनवलेलं. पाठोपाठ ‘अधिकाऱ्या’चा फोन येतो. तो फ्रिज, सोफा, दुचाकीचे फोटो आणि लष्करी ट्रकच्या वाहतुकीची पावती पाठवतो. पैसे गेले की फोन बंद.

ही फसवणूक देशभर चालते. तुमची मित्रयादी उघडी असते, म्हणून तिला बळ येतं. कोणाच्या नावाने मेसेज केला तर तुम्ही विश्वास ठेवाल, हे त्या यादीवरून दिसतं. म्हणून फेसबुकवरची मित्रयादी ‘फक्त मला’ दिसेल अशी करा. मित्राच्या नावाने पैशांचा विषय निघाला, तर त्याला जुन्या नंबरवर फोन लावा. आता आवाजाचीही नक्कल करता येते, त्यामुळे त्याने पाठवलेला व्हॉइस मेसेज पुरावा धरू नका. आणि पैसे मिळवण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. कोणी तसं करायला सांगितलं की समजा, पैसे तुमच्याच खात्यातून जाणार आहेत.

लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलन म्हणून आलेली ‘एपीके’ फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल, उघडू नका. पत्रिका कधी एपीके नसते. घरात कोणाचं लग्न आहे हे तुम्ही जाहीर केलेलं असतं, त्यामुळे ती फाईल ओळखीची वाटते, एवढंच.

५. सेटिंग्ज : एका संध्याकाळचं काम

व्हॉट्सॲपपासून सुरुवात करा, कारण तिथे आपण सगळ्यात निर्धास्त असतो. नवीन गावात आल्यावर दलाल, प्लंबर, गॅसवाला, केबलवाला, मोटरसायकल पायलट (दुचाकी टॅक्सीवाला), मासळीवाली असे सगळे नंबर आपण सेव्ह करतो आणि तेही आपला करतात. दोन्हीकडे नंबर सेव्ह असला की तुमचं स्टेटस त्यांनाही दिसतं. ‘घरच्यांसाठी’ टाकलेलं स्टेटस फ्लॅटची दुसरी चावी बनवून दिलेल्या माणसापर्यंतही जातं. माणसं वाईट असतात असं नाही, पण त्यांना ते कळायची गरजच काय? प्रायव्हसीत जाऊन स्टेटस निवडक लोकांपुरतं ठेवा. प्रोफाइल फोटो आणि ‘लास्ट सीन’ फक्त संपर्कातल्यांना दिसू द्या. ग्रुपमध्ये कोण घालू शकेल, ते ठरवा. आणि सहा आकडी पिनचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा.

फेसबुकवर जुन्या सार्वजनिक पोस्ट एका फटक्यात मित्रांपुरत्या करायची सोय आहे, ती वापरा. प्रोफाइल लॉक करता येतं. मोबाईल नंबर आणि ईमेल लपवा.

इन्स्टाग्राम खातं धंद्यासाठी नसेल तर खासगी करा. स्टोरी ‘क्लोज फ्रेंड्स’ना दाखवा. तुम्हाला कोणी टॅग केलं तर आधी तुमची मंजुरी लागेल असं ठेवा, नाही तर तुम्ही गप्प आणि मित्र बोलका, अशी गत होते. स्नॅपचॅट असेल तर नकाशावर घोस्ट मोड लावा.

फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. ते चालू असलं की फोटोच्या फाईलमध्येच अक्षांश-रेखांश लिहिले जातात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर ही माहिती गळून पडते, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तशीच जाते. २०१२ साली पोलिसांपासून पळत असलेले अँटिव्हायरसवाले जॉन मॅकाफी असेच उघडे पडले. त्यांच्यासोबतच्या पत्रकारांनी टाकलेल्या फोटोत ते ग्वाटेमालात असल्याचे आकडे लपलेले होते.

धावण्याची, सायकलची ॲपं विसरू नका. कांपालहून मिरामारपर्यंतची तुमची धाव रोज एकाच दारातून सुरू होत असेल, तर नकाशा ते दार दाखवतो. स्ट्रावा या अशाच एका ॲपच्या जगभरच्या नकाशावर सैनिकी तळांच्या आतल्या वाटा दिसू लागल्याचं जानेवारी २०१८ मध्ये उघड झालं होतं. त्यात घराभोवतीचा भाग लपवायची सोय आहे.

सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत, ते दिसतं. नको असलेलं तिथूनच कळवून बंद करता येतं.

६. घरातल्या इतरांचं

मुलांचे फोटो टाकताना गणवेश, शाळेचं नाव, बालरथाचा (शाळेच्या बसचा) क्रमांक, ट्यूशनची वेळ दिसू देऊ नका. अनोळखी माणूस मुलाला नावाने हाक मारून ‘तुझ्या बाबांनी पाठवलंय’ म्हणाला, तर त्या मुलाने काय करायचं? घरात एक खुणेचा शब्द ठरवा. तो सांगता आला नाही तर कोणाबरोबरही जायचं नाही.

आई-वडिलांशी बोलताना उपदेश करत बसू नका, त्यांच्याबरोबर बसून सेटिंग्ज बदला. मुलगा परदेशात, आपण दोघेच असल्याचं बाबांनी प्रोफाइलवर लिहिलेलं असतं. तेच वाचून ‘सीबीआय’चा व्हिडिओ कॉल येतो: तुमच्या मुलाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ केलंय, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. अशी कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही. फोन ठेवून द्यायचा, हे त्यांना आधीच सांगून ठेवा, कारण त्या क्षणी ते तुम्हाला विचारणार नाहीत.

गावच्या बंद घराबद्दलही जपून. ‘आजोबांचं घर, वीस वर्षांत कोणी फिरकलं नाही, सगळे पोर्तुगालला’ असं फोटोखाली लिहिण्याआधी आठवा, की जमिनी हडपण्याच्या तक्रारींसाठी गोव्यात २०२२ मध्ये खास पोलिस पथक नेमावं लागलं. मालक दूर आहे आणि लक्ष देणारं कोणी नाही, हे कळणं अशा मंडळींना फार सोयीचं असतं. घराच्या जागेचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) मात्र अधूनमधून काढून बघत जा.

७. तरीही काही घडलंच तर

पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. नातेवाइकांना, मित्रांना नंतर. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात भराभर हलवले जातात आणि वाटेत गोठवता आले तरच हाती लागतात, म्हणून मिनिटं मोलाची. व्यवहाराचा क्रमांक, बँक, रक्कम, वेळ जवळ ठेवा. मग बँकेला कळवा आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. गोव्यात सायबर गुन्ह्यांचं वेगळं पोलिस ठाणं आहे, रायबंदरला. जवळच्या ठाण्यातही तक्रार देता येते.

कोणी पाठलाग करत असेल, नको म्हटल्यावरही मेसेज करत असेल, तुमच्या ऑनलाइन हालचालींवर पाळत ठेवत असेल, तर स्त्रियांच्या बाबतीत तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. तुमच्या नावाने खोटं खातं काढून कोणाला फसवलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६-सी आणि ६६-डी ही कलमं लागतात. धोका समोर उभा असेल तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

खासगी फोटोंवरून पैसे मागितले तर देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. महिला आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांची तक्रार त्याच पोर्टलवर नाव न सांगताही करता येते. फोटो पसरण्याआधी रोखण्यासाठी स्टॉप-एनसीआयआय नावाची मोफत सेवा आहे. तुमचा फोटो तुमच्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त सांकेतिक ठसा कंपन्यांकडे जातो.

घाबरून चॅट पुसण्याची घाई बहुतेक जण करतात आणि तिथेच तक्रार लंगडी पडते. ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या: मेसेज, वेळ, नंबर, आणि प्रोफाइलची लिंक, कारण नाव आणि फोटो तो रात्रीत बदलतो. ते सगळं एका पेनड्राइव्हवर घाला, एक संच छापून घ्या, ओळखपत्राची प्रत जोडा आणि ठाण्यात जा. निघताना तक्रारीच्या पोचवर तारीख आणि शिक्का आहे ना, ते बघून घ्या.